पडद्यावरची कीड

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने खाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरणावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात कीड सर्वेक्षणासाठी गेलो असता एका गावात बंद पडलेले आरओ यंत्र पाहण्यात आले. कापून उघडलेल्या मेम्ब्रेनवर बोटाला चिकटेल असा तपकिरी, बुळबुळीत थर होता. यंत्र सांभाळणाऱ्या तरुणाने आधी आम्लाने धुऊन पाहिले, मग क्लोरीन वाढवले, शेवटी मेम्ब्रेनच बदलली. नवीही काही महिन्यांत चोंदली. औषध बदलले, मात्रा वाढवली, तरी कीड हटत नाही, ही तक्रार आपण कपाशीच्या बांधावर वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

तो थर म्हणजे जिवाणूंची वसाहत, अर्थात जैवपटल. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू शर्करा, प्रथिने इत्यादींचा चिकट लगदा स्रवतात आणि त्याच्या आत राहतात. मेम्ब्रेनच्या दोन पदरांमधील जाळीदार वाट जेमतेम पाऊण मिलिमीटरची असते. तीत हा लगदा साचला की दाब वाढवावा लागतो आणि वीज अधिक जळते. लगद्याखाली क्षार कोंडून राहतात, त्यामुळे गाळून आलेल्या पाण्यातील क्षारही वाढतात. चेन्नईजवळील मिंजूर (२०१०) व नेम्मेली (२०१३) येथील दररोज १० कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पांपासून गावातील लहान यंत्रापर्यंत शत्रू हाच आहे. फरक एवढाच, की मोठ्या प्रकल्पात त्यावर नजर ठेवणारे अभियंते असतात, गावात बहुधा कोणी नसते.

मग मारून का टाकू नये? येथे एक विचित्र पेच आहे. जुन्या सेल्युलोज ॲसिटेटच्या मेम्ब्रेन थोडेफार क्लोरीन सोसत, पण जिवाणू त्यांनाच खात. आजच्या पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेन जिवाणू खात नाहीत, मात्र क्लोरीन त्यांना कुरतडते. म्हणून आधी क्लोरीन सोडायचे आणि मेम्ब्रेनपूर्वी सोडियम बायसल्फाइटने ते नाहीसे करायचे, अशी रीत पडली. वाचलेल्या जिवाणूंना पुढे निर्धोक रान मिळते. शिवाय क्लोरीनमुळे पाण्यातील ह्युमिक द्रव्यांचे तुकडे होतात आणि ते जिवाणूंना सहज पचतात. म्हणजे विषाबरोबर आपण जेवणही वाढतो. १९८० च्या दशकात आंध्र प्रदेशातील कपाशीवर पायरेथ्रॉइडच्या फवाऱ्यांनंतर पांढरी माशी उसळली होती. कारणे निराळी, वळण मात्र ओळखीचे.

हिशेबही पाहावा. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मारले तरी एक हजार उरतात. ते दिवसातून एकदाच दुप्पट झाले, तरी दहा दिवसांत संख्या पुन्हा दहा लाख. मेलेल्यांचा लगदा जागेवरच राहतो, तो वेगळाच.

म्हणून माझे मत असे, की या प्रश्नाकडे मारण्याच्या नव्हे, उपासमारीच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. पाणी मेम्ब्रेनकडे जाण्यापूर्वी वाळूच्या किंवा कार्बनच्या जैविक गाळणीत जिवाणूंना मुद्दाम वाढू दिले, तर पाण्यातील अन्न तेच फस्त करतात. हे आपल्या सापळा पिकासारखेच झाले. मात्र गाळणी उलट्या प्रवाहाने वेळेवर धुतली नाही, तर तीच जिवाणूंचे आगर बनते. सापळा पिकाकडे दुर्लक्ष केल्यावर होते तेच. क्षार बसू नयेत म्हणून घातली जाणारी काही फॉस्फरसयुक्त अँटिस्केलंट रसायनेही जिवाणूंचे खाद्य ठरू शकतात, तेव्हा त्यांची मात्रा अंदाजाने वाढवू नये. तुलना फार ताणणे मात्र बरे नव्हे. मेम्ब्रेनवर सोडण्यासाठी ढालकिडा आपल्याकडे नाही.

आपल्या शास्त्रातील दुसरी उसनवारी अधिक उपयोगी आहे, ती आर्थिक नुकसान पातळीची. १९५९ साली स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. मेम्ब्रेनबाबतही अशी पातळी ठरलेली आहे. तापमान व दाबाचा हिशेब धरून शुद्ध पाण्याचा प्रवाह सुमारे १० टक्के घटला, किंवा मेम्ब्रेनच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक सुमारे १५ टक्के वाढला, की धुवावे. त्याहून उशीर झाला तर थर घट्ट होतो आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. धुताना क्रमही महत्त्वाचा असतो: बुळबुळीत थर असेल तर आधी अल्कली, मग आम्ल. त्या तरुणाने उलटे केले होते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय पाणीपुरवठ्याचा म्हणून बाजूला ठेवू नये. ठिबकच्या तोट्यांमध्ये साचणारा चिकट थर याच जातीचा आहे. तिथे क्लोरीन चालते आणि लॅटरलची टोके उघडून लगदा बाहेर काढता येतो, एवढीच सवलत. रोपवाटिकेसाठी किंवा पॉलिहाऊससाठी आरओ यंत्र घेणारा शेतकरी ताशी किती लिटर, एवढेच विचारतो. मेम्ब्रेनच्या आधी व नंतर दाबमापक आहेत का, वीज गेल्यावर यंत्र शुद्ध पाण्याने धुतले जाते का, हे त्याने विचारावे यासाठी आपणच त्याला तयार केले पाहिजे. बंद यंत्रात साचलेले पाणी जिवाणूंना फार मानवते. खारपाणपट्ट्यातील त्या यंत्राला एकही दाबमापक नव्हता. आम्ही पुढल्या फेरीत दोन बसवून घेतले आणि नोंदींसाठी एक वही ठेवली, कामगंध सापळ्यांतील पतंगांची ठेवतो तशीच.