सी नव्या घरी, डी जुन्याच

वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे दिवस आले की आमच्या घरात संगणकावरून कुरबुरी सुरू होतात. बटण दाबावे, चहा टाकावा, पिऊन कपही विसळावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे! यंदा थोरली म्हणाली, "अब्बू, नवीन कशाला घेता? एसएसडी बसवा आणि विंडोज त्यावर न्या."

संगणक २०१४चा. त्यातली १ टीबीची हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकड्या. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात. दर फायलीसाठी वाचणारे टोक सरकणार, तबकडी फिरून जागेवर येईपर्यंत थांबणार. एका हेलपाट्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. पण असे हजारो हेलपाटे झाले की मिनिटे जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, नुसत्या चिप्स. त्यामुळे हा हेलपाटाच वाचतो. इंटरनेट मात्र त्याने वेगवान होत नाही, हे धाकट्याला समजावता समजावता आमची दमछाक झाली.

दुकानदार म्हणाले, "जुनी डिस्क द्या, तेवढे पैसे कमी करतो." आम्ही देणारच होतो. तेवढ्यात अम्मींनी विचारले, "अन् तुझ्या अब्बांचा आवाज?"

मरहूम अब्बांनी नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी आम्ही मोबाइलवर टिपल्या होत्या. तो मोबाइल केव्हाच गेला. एकमेव प्रत याच डिस्कच्या डी भागात! इतकी वर्षे आम्ही दुसरी प्रत केली नव्हती, याची लाज वाटली. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा कटकट आवाज करते, एसएसडी एकाएकी मुकी होऊ शकते. म्हणजे प्रत दोन्हीकडे हवीच. त्या रात्री आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले. गोष्टी भावाकडे पेन ड्राइव्हवरही दिल्या.

मग प्रश्न उरला, विंडोज नव्याने टाकावी की आहे तशी नक्कल करावी? नव्याने टाकली तर जुना कचरा जातो, पण इनपेज, उर्दू-मराठी फॉन्ट, प्रिंटर सगळे पुन्हा बसवावे लागते. परीक्षा तोंडावर असताना तो व्याप नको, म्हणून नक्कल केली. एसएसडी २४० जीबीची, डिस्क १ टीबीची. तरी अडले नाही, कारण न्यायचा होता फक्त सी आणि विंडोज सुरू करणारा त्यालगतचा छोटा भाग. सीमध्ये भरलेले जेमतेम ९० जीबी. डी जिथे होता तिथेच राहिला. डेस्कटॉपमध्ये दोन्ही डिस्क मावतात; लॅपटॉपवाल्यांनी मात्र दुसरी जागा आहे का, ते आधी पाहावे. पहिल्यांदा सुरू करताना जुनीची वायर काढून ठेवली, म्हणजे नवी एकटीने चालते याची खात्री पटली.

आता चहाला आधण येण्याआधी विंडोज समोर! पण संगणक त्याने तरुण झाला असे नाही. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि ११साठी आमचा प्रोसेसर चालत नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार त्यावर बंद केले आहेत.

जुन्या डिस्कवरची विंडोज अजून पुसलेली नाही. प्रश्नपत्रिका छापून शाळेत पोहोचेपर्यंत ती तशीच राहील.