धडक दुसऱ्याची, मग बोनस आपला का जातो?

सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून कुणी धडक दिली, तर खर्च धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने द्यावा, असं कुणालाही वाटेल. कायदाही तेच सांगतो. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पोलिसांत नोंद, समोरच्या गाडीचा नंबर, फोटो, दुरुस्तीची बिलं... एका बंपरसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

म्हणून अनेक जण स्वतःच्याच विम्यातून क्लेम करतात. तिथे चूक कुणाची हे आडवं येत नाही. मात्र एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं नसेल, तर नो क्लेम बोनस शून्यावर येतो. सलग 5 वर्षं क्लेम न केल्यावर ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी 50 टक्के सूट पुढच्या रिन्यूअलला गेलेली असते. बोनस ‘नो क्लेम’चा आहे, ‘नो फॉल्ट’चा नाही! त्यामुळे किरकोळ दुरुस्ती असेल, तर आधी सुटीचा हिशेब करावा.

ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्याला हा पर्यायच नाही. समोरचा राजीखुशीने पैसे देत नसेल, तर न्यायाधिकरणच. आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तो अर्ज अपघातापासून 6 महिन्यांच्या आत करायचा असतो.