बागेची सफाई आणि गाठोड्याचा मालक

सातारा व सांगली शहरांतील नागरिक, तरुण मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि स्वच्छतेसाठी श्रमदान करणाऱ्या सर्व संस्थांसाठी

परिसरातील रहिवाशांनी एकत्र येऊन आपली सार्वजनिक बाग स्वच्छ करणे, ही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या परंपरेला शोभणारी गोष्ट आहे. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला तो श्रमदानाच्या बळावर. कराड शहराने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले स्थान पटकावले. आणि संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेले ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी राज्यभर नेले, ते तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील सांगली जिल्ह्यातील अंजनी गावचे होते. सांगली शहरात निर्धार फाउंडेशनच्या तरुणांनी बसथांबे, चौक आणि बागा झाडण्याचा नेम नेटाने चालवला आहे. श्रमदानाची थोरवी वादातीत आहे. प्रस्तुत पत्रकाचा आक्षेप त्या सफाईला आहे, जिच्यात पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एखाद्या माणसाचे गाठोडे ही तिन्ही एकाच घंटागाडीत भरली जातात आणि त्यानंतर बाग स्वच्छ झाली असे जाहीर केले जाते.

ज्या बागेत रात्री कोणी झोपते, त्या बागेच्या सफाईचा प्रश्न इतर बागांहून वेगळा असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे लोक इमारतीत वा घरात न राहता रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या उघड्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहतात ते बेघर होत, आणि २०११ च्या जनगणनेत देशभरात अशा लोकांची संख्या १७ लाख ७० हजारांच्या पुढे नोंदली गेली. सातारा-सांगलीत हा वर्ग एकजिनसी नाही. मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिल्यापासून हे गाव वैद्यकीय उपचारांचे केंद्र बनले आहे, त्यामुळे कर्नाटकाच्या सीमाभागातून आणि दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक येथे उघड्यावर रात्री काढतात. मिरज हे मोठे रेल्वे जंक्शन असल्याने वाट चुकलेले आणि घरच्यांनी गाडीत बसवून दिलेले वृद्धही येथेच उतरतात. त्यांच्याखेरीज भंगार वेचणारे आहेत, हंगाम संपल्यावर गावी परतण्याइतकाही पैसा हाती न उरलेले मजूर आहेत, मनोरुग्ण आहेत, दारूने घर गमावलेले आहेत आणि घरातील मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रियाही आहेत. या सर्वांना ‘भिकारी’ या एका शब्दात कोंबणे ही विचार टाळण्याची सोय आहे.

अशा माणसाचे गाठोडे उघडून पाहिले तर त्यात काय असते, याचा विचार सफाई मोहिमेच्या नियोजनात सहसा होत नाही. एक चादर, एक जर्मनची थाळी, पाण्याची बाटली, पावसाळ्यासाठी घडी घातलेला मेणकागद, आणि या सर्वांच्या आत, दोन पिशव्यांत गुंडाळून सुतळीने बांधलेली कागदपत्रे: आधार कार्ड, क्वचित शिधापत्रिकेची झेरॉक्स, शासकीय रुग्णालयातील केसपेपर आणि अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटे. केसपेपर, म्हणजे रुग्णाच्या तपासणीची व औषधांची नोंद असलेला कागद, हरवला तर पुढच्या वेळी बाह्यरुग्ण विभागात उपचारांचा धागा पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात आणि ते मध्येच तुटल्यास औषधांना दाद न देणारा क्षय बळावण्याचा धोका असतो, आणि त्या क्षयाचे जंतू बागेत फिरायला येणाऱ्यांनाही वगळत नाहीत. आधार कार्ड गेले की ते पुन्हा मिळवताना नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि पत्ता यांचे प्रश्न उभे राहतात, आणि ज्याच्यापाशी ना फोन ना पत्ता, त्याच्या दृष्टीने शासनदरबारी असलेली आपली एकमेव ओळख संपते. रविवारी सकाळी दोन तासांत झालेल्या उत्साही कामाचा हा परिणाम ज्याच्या वाट्याला येतो, तो त्या वेळी बहुधा अंघोळीसाठी नदीवर किंवा कामाच्या शोधात नाक्यावर गेलेला असतो.

सांगलीकरांना हे समजावून सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेथील धोका पातळी ४५ फूट असताना, आणि गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी या भागांतील हजारो सुस्थित कुटुंबे एका रात्रीत बेघर झाली. ती शाळांत, मंगल कार्यालयांत, देवळांत आणि नातलगांच्या ओसरीवर राहिली. तिथे शौचालये अपुरी पडली, कचरा साचला, दुर्गंधी सुटली, आणि तरीही त्या माणसांमुळे शहर घाण होत आहे असे कोणी म्हटले नाही. पाणी ओसरल्यावर गावोगावचे स्वयंसेवक फावडी आणि घमेली घेऊन चिखल उपसायला आले, तेव्हा भिजलेली गादी रस्त्यावर टाकण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारले गेले, चिखलातून निघालेली दहावीची सनद, सातबारा आणि लग्नाचा फोटो अंगणात उन्हात पसरून वाळवले गेले, आणि कोणती वस्तू कचरा आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या वस्तूच्या मालकाचाच राहिला. स्वच्छतेचे हेच खरे शास्त्र आहे, आणि सांगलीने ते महापुरात, तेही २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वेळा, आचरून दाखवले आहे. जो नियम गावभागातील वाड्याला लागू झाला तो आमराईतल्या किंवा घाटावरच्या गाठोड्याला का लागू होत नाही, या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर संभवते: पहिल्या माणसाचे घर पुन्हा उभे राहणार होते म्हणून त्याचा मान राखला गेला, आणि दुसऱ्याला घरच नाही म्हणून त्याची मालकीही नाही असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक अन्यायाचे आहे.

आता घाणीविषयी. बागेच्या कोपऱ्यात, बहुधा कुंपणाच्या भिंतीलगत, मानवी विष्ठा आढळते आणि त्यावरून संताप होतो. तो संताप रास्त आहे. परंतु बागेतील शौचालयाला संध्याकाळी बाग बंद होताना कुलूप लागते, बाहेरच्या सशुल्क शौचालयात प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात, आणि ज्या माणसाला रात्र तिथेच काढायची आहे त्याच्या शरीराला कुलपाचे वेळापत्रक पाळता येत नाही. ही अडचण पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक जाचते, कारण ती अंधार पडेपर्यंत पाणी पिणेच टाळते. भिंत धुऊन त्यावर देवदेवतांच्या फरश्या बसवण्याची जी रीत सर्वत्र रूढ झाली आहे, तिने ती विशिष्ट भिंत वाचते आणि घाण वीस पावले पुढे सरकते. रात्री उघडे राहणारे एक शौचालय, एक नळ आणि एक दिवा यांचा उपयोग वारंवारच्या मोहिमांपेक्षा अधिक टिकाऊ आहे. राहिला प्रश्न गुटख्याच्या पुड्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, कागदी थाळ्या आणि दारूच्या बाटल्यांचा, तर या वस्तू विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना रात्री परतायला घर असते.

याच संदर्भात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. बेघरांपैकी अनेकजण बाटल्या, पुठ्ठे आणि पत्रा वेचून भंगारवाल्याला विकतात, म्हणजे शहराचा कचरा कमी करण्याचे काम ते विनावेतन करतातच. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. झाडाखाली ठेवलेले बाटल्यांचे पोते स्वयंसेवकाला कचरा दिसते, प्रत्यक्षात ती कोणाची तरी दिवसभराची मजुरी असते.

कायद्याची बाजूही नागरिकांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ‘पोलिसांना सांगून यांना उचलायला लावा’ ही मागणी अशा मोहिमांच्या मागोमाग येते. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा राज्याचा कायदा इतका व्यापक आहे की उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणाराही त्याच्या कक्षेत येऊ शकतो आणि त्याला वॉरंटशिवाय पकडता येते. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भीक मागण्याकडे उच्चभ्रू नजरेने पाहता येणार नाही, तो दारिद्र्याचा प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली. मनोरुग्णाच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० स्पष्ट आहे: भटकत असलेल्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. शहराच्या हद्दीबाहेर सोडून देणे हा पर्याय त्या कायद्यात कुठेही नाही.

निवाऱ्याचे कर्तव्य तर याहून स्पष्ट आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा सामुदायिक निवारा असावा, त्यात प्रत्येकाला किमान ५० चौरस फूट जागा मिळावी आणि पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांची वेगळी सोय असावी, असे ठरले. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांहून अधिक होती, म्हणजे या निकषाने तिथे किमान पाच निवारे हवेत. सातारा शहराची तेव्हाची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती आणि २०२० च्या हद्दवाढीने ती आणखी वाढली, म्हणजे तिथेही एक पूर्ण क्षमतेचा निवारा हा हिशेबाचा किमान भाग आहे. सांगलीत ‘सावली’ बेघर निवारा केंद्राने रस्त्यावरच्या वृद्धांना व आजाऱ्यांना आणून सांभाळण्याचे आणि पत्ता लागेल तेव्हा त्यांची कुटुंबाशी गाठ घालून देण्याचे जे काम केले आहे, ते पाहता हे काम आपल्याकडे होऊच शकत नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही.

यावर असे म्हटले जाते की निवारा असला तरी हे लोक जात नाहीत. काहीजण जात नाहीत, हे खरे आहे. परंतु नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागत असेल, पहाटे मजुरी मिळते तो नाका तिथून चार किलोमीटरवर असेल, किंवा आत सामान चोरीला जाण्याची भीती असेल, तर कोणताही शहाणा माणूस हाच निर्णय घेईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो हलक्यात घेणे चुकीचे ठरेल: संध्याकाळी बागेत जायला स्त्रिया धजत नाहीत आणि पालक मुलांना पाठवत नाहीत. ही भीती खरी आहे. तिच्यावरचा इलाज म्हणजे उजेड, पूर्णवेळ रखवालदार आणि उपद्रव देणाऱ्या नेमक्या व्यक्तीविरुद्ध नेमकी कारवाई, मग ती व्यक्ती बाकावर झोपणारी असो वा दुचाकीवर बसून शेरेबाजी करणारी असो. बाकाच्या मधोमध लोखंडी कांब ठोकून कोणाचेही रक्षण होत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही त्या बाकावर पाठ टेकता येत नाही, इतकेच.

गाडगेबाबांचा फोटो मोहिमेच्या फलकावर छापणाऱ्यांनी त्यांच्या चरित्राचा उरलेला अर्धा भागही वाचावा. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा हा संत स्वतः चिंध्या पांघरून, डोक्यावर गाडगे ठेवून फिरणारा, घर सोडलेला माणूस होता, आणि आजच्या एखाद्या बागेत पहाटे तो झोपलेला आढळला असता तर त्यालाही उठवले गेले असते. त्यांनी खराट्याबरोबर धर्मशाळा उभारल्या: पंढरपुरात, नाशकात, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. सातारकरांना तर त्याहून जवळचा दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी सुरू केलेले वसतिगृह पुढे धनिणीच्या बागेत नांदले, आणि ज्यांना शहरात पाठ टेकायला जागा नव्हती अशा मुलांना त्या बागेने आसरा दिला. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा आजचा विस्तार पाहणाऱ्याने त्या बागेचा तो उपयोग विसरू नये.

म्हणून सातारा व सांगलीतील प्रत्येक श्रमदान गटाला आवाहन आहे की मोहिमेच्या दोन दिवस आधी त्या बागेत राहणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून दिवस आणि वेळ सांगावी, त्यांना कामात सहभागी होण्यास बोलवावे आणि सहभागी झाल्यास चहा-नाश्ता सर्वांबरोबर द्यावा. मालक जागेवर नसलेले गाठोडे रखवालदाराच्या खोलीत नोंद करून ठेवावे, ते कधीही घंटागाडीत टाकू नये. झोपलेल्या माणसांचे फोटो काढू नयेत. आणि पुढची मोहीम ठरवण्यापूर्वी सांगलीत महापालिकेच्या व साताऱ्यात नगरपालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून चार गोष्टी विचाराव्यात: शहरात बेघरांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, निवारे किती आणि त्यांची क्षमता किती, त्यांवर गेल्या तीन वर्षांत खर्च किती झाला, आणि रात्रभर उघडी राहणारी सार्वजनिक शौचालये कोणती. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर देणे प्रशासनावर बंधनकारक आहे, आणि आलेले उत्तर त्या बागेच्या फाटकावर सर्वांना वाचता येईल असे लावावे.