बाबांना 'इज' कसं म्हणायचं?

संध्याकाळी माझ्याकडे दहावी-बारावी झालेली, नोकरीचे अर्ज भरू लागलेली मुलंमुली इंग्रजी शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना घराबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगतो. एका मुलीने लिहिलं होतं, 'माय फादर आर अ फार्मर.' मी 'आर'खाली रेघ ओढली आणि वर 'इज' लिहिलं. तिने वही परत घेतली, थोडा वेळ त्या रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, पण बाबांना 'इज' कसं म्हणायचं? ते एकेरी होतं ना."

तोवर मी नियम पाठ करून घेत होतो: एकवचनाला इज, अनेकवचनाला आर. ती नियम विसरली नव्हती. तिच्या घरात 'बाबा शेतकरी आहे' असं कोणी म्हणत नाही, 'बाबा शेतकरी आहेत' म्हणतात. तिने मराठीचं आदरार्थी बहुवचन जसंच्या तसं इंग्रजीत नेलं होतं. तिचं चुकलं होतं, पण ते कर्ता आणि क्रियापद यांचं नातं कळत नव्हतं म्हणून नव्हे. ते नातं तिला फार चांगलं कळत होतं.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की इंग्रजीच्या तासाला मराठी दाराबाहेर ठेवू नका. कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलायचं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुलगा जातो, मुलगी जाते, मूल जातं, मुलगे जातात. भूतकाळात तर आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरतं: सीतेने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, आंबे खाल्ले. 'रामाने रावणाला मारलं' म्हणताना ते दोघांनाही सोडतं. शाळेत याला कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग म्हणतात, आणि मोरो केशव दामल्यांनी 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्याची सविस्तर चर्चा केली आहे. पण शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा 'मी भाकरी खाल्ला' असं कधी म्हणत नाही. एवढं अवघड काम जिभेवर असलेल्या माणसाला इंग्रजीचं क्रियापद जमणार नाही, असं मानायला काहीच कारण नाही.

उलट इंग्रजीत सांभाळायचं फारच थोडं आहे. लिंग क्रियापदाला लागत नाही. भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर' सोडले तर क्रियापद सगळ्यांना सारखंच. वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एखादं एकवचनी नाम आलं की क्रियापदाला एक 'एस' लावायचा, आणि 'ॲम, इज, आर' ही रूपं लक्षात ठेवायची. एके काळी तिथेही प्रत्यय जास्त होते. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये 'गोज'च्या जागी 'गोएथ' अशी रूपं दिसतात. झिजत झिजत आता तो एक 'एस' उरला आहे. एकटा उरला म्हणूनच तो आपल्या हातून निसटतो.

त्या 'एस'चा एक घोटाळा मात्र आधी समजून घ्या. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होतं आणि क्रियापदाला लागला की एकवचन. त्यामुळे मुलांना वाटतं, 'बॉइज' अनेक आहेत तर 'प्लेज' म्हणायला हवं. मी सांगतो, 'एस' एकच आहे असं समजा. तो नामाने घेतला तर क्रियापदाला मिळणार नाही. 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. 'चिल्ड्रन'सारख्या नामांना ही युक्ती लागू पडत नाही, पण रोजच्या वापरातल्या बऱ्याच शब्दांना पडते. 'डज' आला की तो 'एस' त्याच्या पोटात जातो, म्हणून 'ही डझंट गो' म्हणायचं, 'ही डझंट गोज' नाही.

खरी चूक होते ती लांब वाक्यात, आणि अर्जात, अहवालात, ईमेलमध्ये वाक्यं लांबच असतात. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स आर ऑन द बोर्ड' हे वाक्य मी इतक्या वह्यांमध्ये पाहिलं आहे की मोजता येणार नाही. तेच मराठीत म्हणा: 'निवडलेल्या उमेदवारांची यादी फळ्यावर लागली आहे.' इथे कोणी 'लागले आहेत' म्हणेल का? नाही म्हणणार. 'उमेदवारांची' या शब्दाला प्रत्यय लागलेला आहे, आणि षष्ठीचा प्रत्यय लागलेला शब्द कर्ता नाही हे आपल्या कानाला माहीत आहे. इंग्रजीत तो प्रत्यय शब्दाला चिकटत नाही, 'ऑफ' होऊन आधी उभा राहतो. 'कँडिडेट्स' हा शब्द मोकळा दिसतो, वर क्रियापदाला खेटून बसतो, आणि आपण जवळच्याचं ऐकतो. तेव्हा 'ऑफ'च्या पुढे जे येतं त्याला मनात 'चा-ची-चे' लावून बघा. लागलं, तर क्रियापदाने त्याच्याकडे बघायचं नाही. यादी एक आहे, म्हणून 'इज'.

हीच गोष्ट 'पैकी'ची. 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह इन नाशिक' यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीच दुरुस्त करते: 'माझ्या मित्रांपैकी एक नाशिकला राहतो.' मित्रांपैकी, म्हणजे मित्र अनेक, म्हणून 'फ्रेंड्स'. राहतो तो एक, म्हणून 'लिव्ह्ज'. आणि 'सह'चीही तशीच: 'एक मुलगा दोन मित्रांसह आला आहे.' आपण 'आले आहेत' म्हणत नाही, तर 'अ बॉय, अलाँग विथ टू फ्रेंड्स, हॅज कम' इथेही 'हॅव' नको. पाठ्यपुस्तकात हे तीन वेगवेगळे नियम असतात. मराठी येणाऱ्यासाठी तो एकच आहे.

काही ठिकाणी मात्र मराठी दगा देते, आणि तेवढी ठिकाणं सरळ पाठ करावी लागतात. आपले केस अनेकवचनी, इंग्रजीत 'हर हेअर इज लाँग'. आपले पैसे अनेकवचनी, इंग्रजीत 'मनी' एकवचनी. आपण बातम्या ऐकतो, इंग्रजीत 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही 'द न्यूज इज गुड'. याच्या उलट आपली कात्री एक आणि चष्मा एक, पण 'सिझर्स' आणि 'ग्लासेस' यांना 'आर'. 'एव्हरीवन' आला की मनात 'सगळे' येतं आणि 'हॅव' लिहिलं जातं. तिथे 'सगळे आले' असं न म्हणता 'प्रत्येक जण आला' असं म्हणा, म्हणजे 'हॅज' आपोआप येईल. 'टीम' किंवा 'कमिटी' या शब्दांवर फार वेळ घालवू नका. अमेरिकेत बहुधा एकवचन चालतं, ब्रिटनमध्ये अनेकवचनही चालतं. एका अर्जात एकच पद्धत ठेवा आणि पुढे चला.

अर्ज लिहून झाला की तो लगेच पाठवू नका. प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवा आणि मराठीत विचारा, 'कोण?' राहतो कोण, लागली आहे कोण, आला आहे कोण. उत्तर म्हणून जो शब्द येईल, त्याच्याकडे बघून क्रियापद तपासा. एका पानाच्या अर्जासाठी याला पाच मिनिटं लागतात. बोलताना एवढं थांबू नका. बोलण्यात एखादा 'एस' राहिला तरी समोरच्याला अर्थ कळतो, आणि तो राहील या धास्तीने गप्प बसणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे त्यांना हात जोडून विनंती आहे, अशा वेळी हसू नका. त्या हसण्यामुळे मूल पुढचं वाक्य बोलतच नाही.

शिक्षकांशीही थोडं बोलायचं आहे. आधीच्या पिढ्या मराठी शाळांत पाचवीला इंग्रजी सुरू करत, आणि अनेकांनी ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोटलं, म्हणजे मराठी वाक्य शेजारी ठेवूनच. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीत आलं. लहानपणी भाषा कानावर पडते हे चांगलंच झालं. पण इंग्रजीचा 'एस' मुलाला पहिली-दुसरीत भेटतो आणि मराठीतले प्रयोग पुढे कधीतरी, तेही दुसऱ्या तासाला, दुसऱ्या शिक्षकांकडून. ही दोन टोकं जोडून देणं तुमच्याच हातात आहे. 'यादी' आणि 'उमेदवारांची' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून पाच मिनिटं मराठीत बोलाल, तर पुढचे कित्येक तास वाचतील.

त्या मुलीला त्या दिवशी मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं की इंग्रजीतही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' होतं. एकट्याला 'दाऊ', अनेकांना 'यू'. मग मोठ्या माणसाला, मानाच्या माणसाला एकट्यालाही 'यू' म्हणायची रीत पडली, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखी. हळूहळू सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'दाऊ' प्रमाण इंग्रजीतून जवळजवळ गेला. 'यू' एकट्याला म्हटलं तरी 'आर'च लागतं, ते त्या जुन्या अनेकवचनामुळे. पण हा मान समोरच्या माणसापुरताच राहिला. जो समोर नाही, त्याच्याविषयी बोलताना 'ही इज', मग तो राष्ट्रपती असो की वडील. तिथे आदर क्रियापदात नसतो, तो बाकीच्या शब्दांत आणि आवाजात ठेवावा लागतो.

ती विचार करून म्हणाली, "म्हणजे बाबांशी बोलताना 'आर', आणि बाबांबद्दल सांगताना 'इज'."

मी हो म्हटलं. तिने 'माय फादर इज अ फार्मर' लिहिलं, आणि त्याच्या खाली, मी न सांगता, 'बाबा, यू आर अ फार्मर.'