पिशवी काढण्याआधी



कपाशीचं बियाणं घ्यायचं तर आपण तीन दुकानं हिंडतो, चौघांना विचारतो. घरच्या बाईची गर्भपिशवी काढायची म्हटली की मात्र पहिल्याच दवाखान्यात, पहिल्याच दिवशी मान डोलावतो.

२०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांमागे एक! त्यात तिशी-पस्तिशीतल्या पुष्कळ. या काही परक्या बाया नव्हेत. कोरडवाहू कपाशी-ज्वारीत भागत नाही म्हणून कोयता घेऊन निघणारी ही आपलीच घरं.

फडावर ना आडोसा, ना पुरेसं पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या. एक दिवस पडून राहिलं तर मुकादम खाडा लावतो. रोज बुडतोच, वर दंड. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात सांगतात, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनला पैसा मुकादमाच्या उचलीतून, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा तोच फड.

बोंडावर अळी दिसली म्हणून कोणी पऱ्हाटी उपटत नाही. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतूंमुळे असतं आणि औषधाने बरं होतं. काही वेळा नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं, तिथे लाजून चालत नाही. रक्त फार जात असेल तर आधी गोळ्या आहेत, औषध असलेली तांबीसारखी वस्तू आत बसवता येते. लहान गाठी त्रास देत नसतील तर नुसती नजर ठेवली तरी चालते. अंग बाहेर येत असेल तर रिंग बसवून अनेकींचं भागतं.

कॅन्सर असेल, फार मोठ्या गाठी असतील, कशानेच रक्त थांबत नसेल, तर ऑपरेशन करावं, भिऊ नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही अंगावर काढू नये. पण पिशवीबरोबर अंडकोशही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून अंडकोश ठेवणार की काढणार, हे आधीच विचारा. सोनोग्राफीचा कागद हातात मागा आणि तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे, जमल्यास सरकारी रुग्णालयात जा.

अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ साली आली. ती तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना बजावलं. आपल्या तालुक्यात त्यांचं काय झालं, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारायला हवं. पाळीच्या दिवसांचा खाडा बंद, ही अटही मुकादमाशी उचल ठरवतानाच घालून घ्यायची आहे. जिल्हा बैठकीत हा विषय पुरुषांनी मांडावा. उचलीचा व्यवहार तेच करतात, आणि ऑपरेशनच्या कागदावर अंगठाही बहुतेक वेळा त्यांचाच असतो.