‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट नव्हे!

सासूबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट त्यांनीच आणला, रिक्षातच उघडला. ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’. त्यातलं ‘निगेटिव्ह’ तेवढं त्यांना कळलं. घरी येऊन कुणाला काही न सांगता कागद कपाटात ठेवला आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या हाती लागला. अहो, कॅन्सर सापडला नाही असंच त्यात लिहिलंय! शोधलेलं सापडलं तर पॉझिटिव्ह, नाही सापडलं तर निगेटिव्ह, इतकंच.

त्याच कपाटात माझाही रिपोर्ट निघाला, चार महिन्यांपूर्वीचा. हिमोग्लोबिन ८.९. शेजारी बारीक अक्षरात १२ ते १५. ती नॉर्मल मर्यादा, हे मला ठाऊक होतं बरं का! तरी ‘बायकांचं असतंच कमी’ म्हणून ठेवून दिला. जिना चढताना लागणारी धाप वयावर ढकलली. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली म्हणजे ॲनिमियाच. ह्यांचे शुगरचे रिपोर्ट मात्र फायलीत, तारखेवार. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ते एचबीएवनसी मला तोंडपाठ!

लॅबवाल्यांनी खाली मराठीत एक ओळ लिहायला काय हरकत आहे? आणि डॉक्टरांना ‘म्हणजे काय?’ विचारायला आपल्याला कसली लाज? परवा सासूबाईंनी सगळं विचारून घेतलं, पुन्हा कधी दाखवायचं तेसुद्धा. सोमवारी मी माझा कागद घेऊन चाललेय.