ताप, टॉनिक आणि चांदिपुरा

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की आमच्या शाळेच्या फाटकाशी आयांचे प्रश्न सुरू होतात. त्यातले दोन नेहमीचे आज घेऊ या.

प्रश्न : चांदिपुरा विषाणू आपल्या नागपुरातूनच निघाला का? गुजरातेतल्या माझ्या नणंदबाई तसं म्हणतात.

उत्तर : नाव आपलं, हे खरं. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. चांदिपुरा इथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू प्रथम आढळला, म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. पण आढळला तिथेच जन्मला, असं नव्हे. पुढे तो पार पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्येही सापडला. तो पसरवते वाळूमाशी. ही डासापेक्षा पुष्कळ लहान. भिंतीच्या भेगांत, शेणाच्या ओलाव्यात वाढते. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. २०२४ साली गुजरातेतही मुलं गेली. तेव्हा नणंदबाईंना सांगा, दोष गावाचा नाही. भेगा मात्र दोघींनीही बुजवायच्या. गोठा कोरडा ठेवा आणि मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवा. साध्या जाळीतून ही माशी आत शिरते, बरं का!

प्रश्न : व्हिटॅमिनचं टॉनिक दिलं तर असे आजार टळतील ना?

उत्तर : नाही. जीवनसत्त्वं हवीतच. ‘अ’ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, गोवर जड जातो. म्हणून पाच वर्षांपर्यंतचे ‘अ’चे डोस चुकवू नका. शेवग्याचा पाला, गाजर, पपई खाऊ घाला. पालेभाजीला तेलाची फोडणी हवीच, नाहीतर त्यातलं ‘अ’ नीट अंगी लागत नाही. ‘क’साठी आपली संत्री आहेतच. पण टॉनिकची बाटली वाळूमाशीला अडवत नाही. उलट ‘अ’ आणि ‘ड’ मनानंच जास्त दिले, तर ते शरीरात साठून अपाय करतात.

माझ्या धाकट्याच्या तापात मी स्वतः टॉनिकवर विसंबून एक रात्र घालवली. पहाटे त्याला आकडी आली, तेव्हा धावलो. आजार वेगळा निघाला, मूल वाचलं. पण ती रात्र मी विसरले नाही.

चांदिपुऱ्यावर अजून लस नाही, खास औषधही नाही; मूल एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतं. म्हणून एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. टॉनिकचं मागाहून बघू.